चमच्यांचा मोर आणि पत्र्याची बादली

आमच्या थोरल्या जाऊबाईंच्या घरात कुठल्याही वस्तूला नैसर्गिक मरण नाही. इस्त्री जळाली की ती दाराला टेकू म्हणून उभी राहते. मिक्सरचं भांडं तडकलं की त्यात बल्ब जातो. छत्रीच्या काड्या मोडल्या की ती उलटी होऊन छताला टांगली जाते आणि तिला झुंबर म्हणायचं असतं. चुकून कुणी छत्री म्हटलंच, तर जाऊबाई दोन दिवस त्या माणसाशी बोलत नाहीत.

मी धाकटी जाऊ. आमची दोन्ही घरं समोरासमोर, मधे फक्त जिन्याची मोकळी जागा. इमारतीचा एक अलिखित नियम आहे: जे टाकायचं ते रात्री जिन्याच्या कोपऱ्यात ठेवायचं, सकाळी आठला सफाईवाल्या मावशी येऊन घेऊन जातात. जाऊबाई पावणेआठला फेरी मारतात. चारही मजले, वरून खाली, हातात कापडी पिशवी. मावशींच्या वाट्याला उरतो तो खराखुरा कचरा, म्हणजे ज्याला जाऊबाईसुद्धा हात जोडतात तो.

एकदा माझ्या नवऱ्याने ओले झालेले बूट वाळायला दाराबाहेर ठेवले. तासाभराने बघतो तर डाव्या बुटात मनीप्लांट लावलेला.

"वहिनी, तो बूट मी घालतो," तो काकुळतीने म्हणाला.

"असं का? मग बाहेर कशाला ठेवलात, भाऊजी?" जाऊबाई म्हणाल्या. "आणि आता माती घातलीय. उजवाही देऊन टाका. एकटा बरा नाही दिसत."

माझ्या नवऱ्याने उजवाही दिला. आमच्या घरातला पुरुष असाच आहे, गरीब गाय.

टाकाऊतून टिकाऊ करणं वाईट नाही, कोण नाही म्हणतंय? पण टाकाऊ कमी पडू लागलं की जाऊबाई ते तयार करतात. मधे त्यांना हिरव्या बाटल्यांचा दिवा करायचा होता आणि बाटल्या नऊ लागणार होत्या. तेवढ्यासाठी त्यांनी सॉसच्या नऊ भरलेल्या बाटल्या आणल्या आणि दोन्ही घरांनी अडीच महिने सकाळ-संध्याकाळ सॉस खाल्ला. शेवटी शेवटी माझी मुलगी भातावर सॉस घेऊन रडत बसायची. दिवा झाला, भिंतीवर लागला, आणि खरं सांगते, त्याच्या उजेडात आम्ही सगळे आजारी दिसतो.

जाऊबाईंचे यजमान, म्हणजे आमचे थोरले दीर, एका कारखान्यात सुरक्षा अधिकारी आहेत. इमारतीतली पोरं त्यांना सावधानकाका म्हणतात आणि मनातल्या मनात मीही तेच म्हणते. त्यांच्या खिशात कायम लाल-पिवळ्या चिकटपट्ट्या असतात. बाथरूमच्या दारावर 'सावधान, निसरडं', फ्रिजवर 'दार हळू', सॉसच्या दिव्याखाली 'डोके सांभाळा'. माणूस वाईट नाही. फक्त जगात दोनच प्रकारच्या गोष्टी आहेत असं त्यांना वाटतं: ज्यांनी अपघात झालाय त्या आणि ज्यांनी व्हायचाय त्या.

माझ्या सासऱ्यांचे हात थरथरायला लागले तेव्हा सावधानकाकांनी आधी त्यांचा वस्तरा काढून घेतला. मग घराच्या किल्ल्या. मग जिना उतरायचं बंद. मग गरम पाण्याला हात लावायचा नाही. सगळं प्रेमापोटी, बरं का. शेवटी सासऱ्यांच्या हातात टीव्हीचा रिमोट तेवढा उरला, आणि तोही सेल काढून, कारण सेल गळतात. वर्षभरात सासरे गेले. सगळे म्हणतात आजाराने गेले. सासूबाईंचं मत वेगळं आहे, पण ते त्यांनी मोठ्या मुलासमोर कधी बोलून दाखवलं नाही.

आता सासूबाईंचं सांगते, कारण सगळी गोष्ट त्यांच्यापाशीच येऊन थांबते.

सासूबाईंना दिसत नव्हतं. अगदी काळोख नव्हे. डोळ्याचा पडदा आतून झिजला होता. बघायला जावं तिथे बरोबर मधोमध राखाडी डाग, आणि कडेकडेने थोडं धूसर. चालता यायचं, उंबरा कळायचा, पण समोरच्या माणसाला तोंड नसायचं. दोन वर्षं त्या अशा वावरत होत्या आणि घरात कुणालाच पत्ता नव्हता. चाळीस वर्षांचं घर, प्रत्येक डबा हाताखालचा. माणसं त्या पावलांवरून ओळखत, खोकल्यावरून ओळखत. माझ्या चपलेचा एक पट्टा वाजतो, त्यावरून मी.

यात लाजेने मान खाली कुणी घालायची, तर मी. अकरा वर्षं मी चष्म्याच्या दुकानात काम करते. लोकांना खुर्चीवर बसवते, भिंतीवरच्या तक्त्यावरची अक्षरं वाचायला लावते आणि नंबर काढते. दीड वर्षापूर्वी मी सासूबाईंनाही बसवलं होतं. त्यांनी खालच्या ओळीपर्यंत घडाघडा वाचलं. मी कागदावर लिहिलं, 'वयाच्या मानाने उत्तम'. मी ते काम शिकत होते तेव्हा सहा महिने तोच तक्ता सासूबाईंच्या स्वयंपाकघराच्या दाराला लटकत होता आणि मी सगळ्यांची डोकी खात होते. त्यांना तो पाठ होता. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा, आणि दिवा मी.

त्यांनी का लपवलं, हे सासऱ्यांच्या रिमोटवरून कळावं. सासूबाई पहाटे सगळ्यांच्या आधी उठतात आणि दोन्ही घरांतल्या सात माणसांचा चहा करतात. माझ्या घरचा चहा किटलीतून समोर येतो. त्या म्हणायच्या, "मला दुसरं काही नको ग. सकाळचा चहा माझ्या हातचा असला म्हणजे झालं." मुलाला डोळ्यांचं कळलं असतं तर त्याच दिवशी गॅसला 'धोका' चिकटला असता आणि सासूबाई खिडकीजवळच्या खुर्चीत. तिथून पुढे काय होतं, ते त्यांनी एकदा बघितलं होतं.

आणि अशा घरात जाऊबाई रोज वस्तू बदलत होत्या! साखरेचा डबा एका सकाळी उठून दिव्याचा पाय झाला होता. त्या दिवशी आम्ही खारट चहा प्यायलो. चहाच्या गाळण्याला डोळे लावून त्याची भिंतीवर घुबड म्हणून नेमणूक झाली. त्या दिवशी चहात चोथा. आम्ही सगळे जाऊबाईंवर ओरडलो, "तुमच्यामुळे आईंना काही सापडत नाही!" जाऊबाई हिरमुसल्या. सासूबाईंनीच त्यांची बाजू घेतली.

"असू दे. हौस आहे तिला. करते पण किती छान!"

त्या घरात जाऊबाईंचं कौतुक करणारं माणूस एकच, सासूबाई. बाकी आम्ही सगळे टवाळ. नवी वस्तू झाली की जाऊबाई आधी ती सासूबाईंच्या मांडीवर आणून ठेवायच्या. सासूबाई ती दोन्ही हातांनी चाचपायच्या, कडेने बोट फिरवायच्या, खालून बघायच्या. "छान झालंय हो," असं म्हणायच्या आणि जाऊबाईंचा चेहरा असा काही फुलायचा की मलाही थोडं वाईट वाटायचं. मी नवऱ्याला म्हणायचे, "किती बारकाईने बघतात ना आई?"

अकरा वर्षं नंबर काढते मी. अकरा वर्षं!

दर वर्षी आमच्या इमारतीत 'टाकाऊतून टिकाऊ' स्पर्धा होते. एका घराची एकच वस्तू हा नियम. बक्षीस म्हणजे एक कागद, आणि जिंकलेली वस्तू वर्षभर प्रवेशदारातल्या काचेच्या कपाटात. जाऊबाईंचा जीव त्या कपाटात अडकला होता. पण सलग तीन वर्षं ते कपाट आमच्या सेक्रेटरींच्या बायकोने अडवलेलं. सेक्रेटरी दातांचे डॉक्टर आहेत. गेल्या वर्षी त्यांच्या बायकोने टूथपेस्टच्या झाकणांचा किल्ला केला होता आणि परीक्षक म्हणून जे गृहस्थ आले होते त्यांचं रूट कॅनाल त्याच डॉक्टरांकडे अर्धवट होतं. अर्धं तोंड बधिर असलेला माणूस कुणाच्या बायकोला बक्षीस देणार?

यावरून बरीच कुजबुज झाली, म्हणून या वर्षी ठरलं की इमारतीतली सगळ्यात वडीलधारी व्यक्ती परीक्षक असेल. म्हणजे आमच्या सासूबाई. त्यांच्याच घरातून जाऊबाईंची वस्तू होती, पण कुणीही आक्षेप घेतला नाही. सासू सुनेला बक्षीस देईल अशी भीती इमारतीत कुणालाच वाटली नाही.

सासूबाई नको नको म्हणाल्या. गुडघा दुखतो म्हणाल्या, मला त्यातलं काय कळतं म्हणाल्या. सावधानकाका म्हणाले, "आई, मान मिळतोय तर घे. नुसतं बघायचं तर आहे." नुसतं बघायचं!

जाऊबाईंनी आठ महिने खपून मोर केला होता. जुन्या टेबलफॅनची अर्धी जाळी हा त्याचा पिसारा. जाळीवर त्रेचाळीस चमचे, प्रत्येकाचा दांडा वाकवून, कड कानशीने घासून, तारेने बांधलेला. वॉशबेसिनचा गंजका नळ पॉलिश करून त्याची मान केलेली. चमचे चारी मजल्यांवरून गोळा झाले होते. त्यातले दोन माझे, आणि ते मी टाकले नव्हते. पण खरं सांगू? मोर सुंदर झाला होता. मी ते मोठ्याने म्हटलं नाही. तेव्हा म्हटलं असतं तर बरं झालं असतं.

रविवारी सकाळी अकराला खालच्या हॉलमध्ये टेबलं मांडली. सावधानकाकांनी मोर बघितला आणि त्यांच्यातला अधिकारी जागा झाला. चमचे म्हणजे धातू, धातू म्हणजे कडा, कडा म्हणजे इजा. मोर उंच स्टुलावर गेला, भोवती दोरी आली आणि दोरीवर पाटी: 'धारदार. हात लावू नका'. जाऊबाई म्हणाल्या, "अहो, मी सगळ्या कडा घासल्यात." ते म्हणाले, "असं सगळेच म्हणतात." ज्या हातांनी सासूबाई बघायच्या त्या हातांनाच त्या दिवशी मोर बंद झाला, आणि तोही त्यांच्या पोटच्या पोराने केला.

सासूबाई रांगेने निघाल्या. मी त्यांच्या मागे. प्रत्येक वस्तूपाशी थांबायच्या, दोन्ही हातांनी चाचपायच्या. फुटक्या सीडींचा आरसा होता, तिथे बोट झटकन मागे घेतलं. पत्र्याच्या डब्यांचं रोबोटसारखं काहीतरी होतं, तिथे ओठ आवळले. झाकणांचा किल्ला यंदा राजवाडा झाला होता. त्याचा एक बुरूज त्यांच्या हातात आला आणि त्यांनी तो शांतपणे टेबलावर ठेवून दिला. लोक म्हणत होते, "बघा, आजी एकेक गोष्ट पारखून घेतायत."

रांगेच्या शेवटी एक खुर्ची होती. सफाईवाल्या मावशींनी सकाळी हॉल पुसला, आपली पत्र्याची बादली त्या खुर्चीवर ठेवली आणि त्या कोपऱ्यावर चहा प्यायला गेल्या. सासूबाईंचा हात त्या बादलीवर पडला. त्या थांबल्या. कडेवरून बोट फिरवलं, पुरं एक चक्कर. कडी उचलली, सोडली, पुन्हा उचलली. बुडाखाली हात घातला. इतका वेळ त्या कुठल्याच वस्तूपाशी उभ्या राहिल्या नव्हत्या. मग वळून त्या म्हणाल्या,

"ही. हिच्यात कुणीतरी जीव ओतलाय."

मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. मी तोंडावर रुमाल धरला, कारण मलाही हसू आवरत नव्हतं. सेक्रेटरी म्हणाले, "आजी, अहो, ती तर..." आणि सावधानकाका खुर्चीवरून उठले. त्यांच्या कपाळावर जी आठी होती ती मी ओळखते. सासऱ्यांच्या हातून कप निसटला होता त्या दिवशीची आठी.

"आई," ते म्हणाले, "तुला दिसतंय ना नीट?"

सासूबाईंचा हात कडीवर होता. तो तिथेच घट्ट झाला.

"ती माझी आहे," जाऊबाई म्हणाल्या.

सगळ्यांच्या माना वळल्या. जाऊबाई मोराशेजारून पुढे आल्या, चेहरा पांढराफटक.

"काय तुमची आहे?" सेक्रेटरींनी विचारलं.

"बादली. माझी वस्तू तीच. स्पर्धेची."

"आणि मोर? एका घराची एकच वस्तू, वहिनी. नियम आहे."

जाऊबाईंनी मोराकडे एकदाच बघितलं. आठ महिने, त्रेचाळीस चमचे. "मोर स्पर्धेत नाही," त्या म्हणाल्या. "शोभेला आणलाय."

सेक्रेटरींच्या बायकोला गप्प बसवेना. "ही मावशींची बादली आहे! काल माझ्या दारात होती. मी स्वतः हिच्यात पाय घातलाय!"

"हो ना," जाऊबाई म्हणाल्या. त्यांना पुढे काय बोलावं सुचत नव्हतं, हे मला दिसत होतं. त्यांनी बादलीत डोकावून बघितलं. "आपण सगळे रोज हिच्यात पाय घालतो. पण हिच्याकडे बघतं का कुणी? बघावं, म्हणून ठेवली."

दुसऱ्या मजल्यावरचे निवृत्त चित्रकला शिक्षक ताडकन उभे राहिले. "रिकामेपणा!" ते ओरडले. "रिकामेपणा पकडलाय बाईंनी! क्या बात है!" आणि त्यांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली. ज्यांना काही कळलं नव्हतं त्यांनी त्यांच्यापेक्षा जोरात वाजवल्या. सेक्रेटरी म्हणाले, "मी मघाशी हेच म्हणणार होतो." सावधानकाका गोंधळून खाली बसले. कलेचा विषय त्यांच्या नियमावलीत नव्हता.

"वस्तूचं नाव काय लिहू?" सेक्रेटरींनी पेन उघडत विचारलं.

"रोजची," जाऊबाई म्हणाल्या.

मावशी चहा पिऊन आल्या तेव्हा त्यांची बादली लाल फीत लावून काचेच्या कपाटात गेली होती आणि किल्ली सेक्रेटरींच्या खिशात होती.

मला असा संताप आला होता! कपाटासाठी बाईने लाज सोडली, गरिबाची बादली लाटली, असंच मला वाटलं. रात्रभर मी मनातल्या मनात भांडले. सोमवारी पहाटे किटली यायची वाट न बघता मीच समोर गेले. दार लोटलेलं होतं. मी चपला बाहेर काढल्या, म्हणून माझा पट्टा वाजला नाही.

सासूबाई ओट्यापाशी होत्या, पाठमोऱ्या. त्या डब्यांच्या रांगेवरून बोटं फिरवत होत्या. एका डब्यापाशी बोट थांबलं, तो त्यांनी उघडला, चहा घातला. पुढच्यापाशी थांबलं, साखर घातली. मग भांड्याच्या कडेला लावलेल्या लाकडी चमच्याला बोट टेकवून पाणी मोजलं. मी जवळ जाऊन बघितलं. चहाच्या डब्याला शर्टाचं एक बटण चिकटवलेलं. साखरेला दोन. मिठाला चेनचा तुकडा, म्हणजे चुकायलाच नको. गॅसच्या खटक्यावर, बंद असतो त्या जागी, सायकलच्या ट्यूबचा उंचवटा. भिंतीवर हाताच्या उंचीला पडद्याची जुनी दांडी, ओट्यापासून थेट बाथरूमपर्यंत. यातल्या कशालाच रंग नव्हता, चमकी नव्हती, डोळे लावलेले नव्हते. इतकी ओबडधोबड कामं मी जाऊबाईंच्या हातून कधी पाहिली नव्हती. म्हणूनच बहुतेक ती आमच्यापैकी कुणालाच दिसली नव्हती.

मी सासूबाईंच्या अगदी समोर उभी राहिले. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "कोण आहे ग?"

मागून जाऊबाईंनी माझं मनगट धरलं.

"कधीपासून माहीत आहे तुम्हाला?" मी कुजबुजले.

"दोन महिने. ट्रे दाखवला होता त्यांना, नुसता घासलेला, रंग द्यायचा होता. म्हणाल्या, रंग काय सुरेख दिलायस!" जाऊबाई हसायला गेल्या आणि त्यांना जमलं नाही. "मग एकेक करून हे लावत गेले. कुणाला सांगितलं असतं तर यांच्या कानावर गेलं असतं."

"कुजबुजू नका," सासूबाई म्हणाल्या. "डोळे गेलेत, कान नाही. बसा दोघी. चहा उकळतोय."

आम्ही बसलो. जाऊबाईंनी जे विचारलं ते विचारायला त्यांना दोन महिने लागले होते.

"आई, म्हणजे माझं एकही काम तुम्ही बघितलं नाहीत. आणि तरी दर वेळी छान म्हणालात. माझं मन राखायला?"

सासूबाईंनी गॅस बंद केला, ट्यूबचा उंचवटा चाचपून पुन्हा खात्री केली.

"डोळ्यांनी नाही बघितलं. रंगाचं खोटं बोलले, ते माझ्यासाठी. पण तुझी एकही वस्तू हाताला टोचली नाही ग आजवर. काच असो, पत्रा असो, कड घासलेली. तळालासुद्धा, जिथे कुणी बघत नाही. तेवढं छान म्हटलेलं खरं होतं."

"मग बादली का निवडलीत?"

"तुझीच वाटली," सासूबाई म्हणाल्या. "तुलाच द्यायचं ठरवून गेले होते. रांगेत सगळं टोचत होतं. ती एकच टोचली नाही. कडीला चादरीची पट्टी कशी गुंडाळलीय बघ, एक पदर वर नाही. बुडाला भोक होतं ते आतून बुजवलंय. म्हटलं, हे हिच्याशिवाय कोण करणार? ती मावशींची निघाली तर मावशींना दे की बक्षीस. मी काही चुकीचं नाही निवडलं."



पण डॉक्टरकडे जायलाच हवं, हे मी धरून बसले. निदान तेवढं तरी मला कळतं. सासूबाईंनी अट घातली. "येते. पण आधी थोरल्याला इथे बसव आणि मला चहा करताना बघू दे. मग काय चिकटवायचं ते चिकटव म्हणावं."

दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊबाईंनी नवऱ्याला सगळं सांगितलं. सावधानकाका स्वयंपाकघरात आले ते वही घेऊन, आणि खिशात लाल पट्टी होतीच. ते ओट्यापाशी उभे राहिले. सासूबाईंनी एक बटण, दोन बटणं, लाकडी चमचा, ट्यूब, सगळं क्रमाने केलं. एक थेंब सांडला नाही. सात कप भरले, प्रत्येक कपात सारखा. सावधानकाकांनी वहीत काहीतरी लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. मग खाली वाकून ट्यूबच्या तुकड्याला बोट लावलं.

"हे कुणी बसवलं?"

"तुझ्या बायकोने," सासूबाई म्हणाल्या.

ते बराच वेळ तो खटका चालू-बंद करत राहिले. "कारखान्यात मी चार वर्षं मागतोय असं काहीतरी," ते म्हणाले. मग घसा खाकरून, "लायटर डावीकडे टांगा. उजवीकडे ज्वाला ओलांडावी लागते."

"हे बरोबर आहे," सासूबाई म्हणाल्या.

लाल पट्टी खिशातच राहिली. त्यांनी चहा उभ्यानेच प्यायला आणि कप धुवायला गेले तेव्हा नळ जरा जास्तच वेळ सोडून ठेवला. बाप आठवला असावा. डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, गेलेलं परत यायचं नाही, उरलेलं सांभाळू. तक्त्याचं मी कबूल केलं तेव्हा ते माझ्याकडे बघून हसले. मला चाललं असतं ते ओरडले असते तरी.

बादलीचं म्हणाल तर जाऊबाई स्वतः सेक्रेटरींकडे गेल्या आणि कपाटातल्या कार्डावर आपल्या नावाच्या जागी मावशींचं नाव लिहायला लावलं. मावशींना नवी प्लॅस्टिकची बादली आधीच दिली होती, पण त्या दोन दिवस कपाटासमोर उभ्या राहून काच पुसत होत्या आणि आत बघत होत्या. बक्षिसाचा कागद हातात दिला तर म्हणाल्या, "कागद ठेवा तुम्हाला. माझी बादली द्या. नवीची कडी हाताला कापते." चित्रकलेचे शिक्षक बादली बाहेर काढू देईनात, त्यांनी तिच्यावर पाच पानांचा लेख लिहायला घेतला होता. शेवटी मावशींनी त्यांच्या दाराचा कचरा आठवडाभर उचलला नाही आणि कला हरली. कपाट आता रिकामं आहे. शिक्षकांचं म्हणणं, ते जास्तच चांगलं दिसतं.

मोर घरी आला होता आणि पलंगाखाली गेला होता. परवा दुपारी मीच तो ओढून काढला आणि सासूबाईंच्या मांडीवर ठेवला. दोरी नाही, पाटी नाही. सासूबाईंनी नळाच्या मानेपासून सुरुवात केली. मग एकेक चमचा. त्रेचाळीस चमचे व्हायला पाऊण तास लागला आणि तेवढा वेळ जाऊबाई दाराच्या चौकटीला धरून उभ्या होत्या. मला वाटलं, आता नेहमीचं 'छान झालंय हो' येणार. जाऊबाईंनाही तेच वाटलं असणार, कारण त्यांनी हसू तयार ठेवलं होतं.

खालच्या ओळीतल्या एका चमच्यापाशी सासूबाईंचं बोट अडलं. ते मागे गेलं, पुन्हा पुढे आलं.

"इथे एक कड राहिलीय ग," त्या म्हणाल्या.

जाऊबाईंनी जवळ येऊन तिथे बोट लावलं. त्यांचे डोळे भरून आले, आणि तरी त्यांना इतकं खूश मी कधी पाहिलं नव्हतं.

"थांबा आई, कानस आणते," त्या म्हणाल्या.

तो चमचा माझ्याच दोनांपैकी एक होता. मी मोराचा पाय घट्ट धरून बसले, घासताना तो हलू नये म्हणून.